गुराखी, वरून

ब्लेअरमोरच्या फाटकापाशी गाडी ठेवून
चार मैल चालत आलो. पाठीवर ड्रोन, चार बॅटऱ्या
आणि इशबेलने बांधून दिलेलं चीजचं सँडविच.
काम साधं आहे: फुलमार पक्ष्यांची घरटी मोजायची,
माणसाचा पाय तिथे न लागता.

सँडवूडच्या वाळूच्या दक्षिण टोकाला
तो उभा, कड्याशी अबोला धरल्यासारखा.
गेलिक भाषेत त्याला गुराखी म्हणतात.
गुरं कुठायत, विचारलं, तर बंदरावरचा मर्डो म्हणाला,
लाटाच असतील.
दुसरं आहे काय इथे हाकायला?

सह्याद्रीत असता तर आम्ही त्याला सुळका म्हटलं असतं,
एकेरीत, पायथ्याशी नारळ फोडून.
दुसऱ्या टप्प्यावर दगड सुटा आहे, जपून,
असं खालच्या वाडीतल्या कुणीतरी बजावलं असतं.
इथे नारळ नाही. इथे पोहत जावं लागतं.
ओहोटीचे तीन-चार तास हातात,
त्यातच चढायचं, उतरायचं, परत पोहायचं.
चुकलात तर पुढच्या ओहोटीपर्यंत
त्याच्या पायाशी बसून राहा,
त्याचंच एक वासरू होऊन.

ड्रोन उडाला.
आधी कंबर दिसली, तांबूस थर,
चवड रचलेल्या भाकऱ्यांसारखे.
मग खांदे, खांद्यावर पांढरी विष्ठा, गवताची झिपरी.
आणि बरोब्बर डोक्यावर आलो तशी
उंचीच नाहीशी झाली.

पासष्ट मीटर.
ज्यासाठी माणसं सुट्ट्या साठवतात, बोटं सोलून घेतात,
ते पडद्यावर एवढंसं हिरवट ठिगळ,
कडेने फेसाचा धावदोरा.

चढणाऱ्यालाही सुळका दिसत नाहीच म्हणा.
त्याला दिसतो नाकासमोरचा वीतभर दगड.
मीही चढायचो. मला आठवतात त्या फक्त वीती.

उंची उरली होती ती सावलीत.
सकाळचं ऊन जमिनीकडून येत होतं,
आणि ती समुद्रावर लांब पडली होती,
लाटेवर मोडत, पुन्हा सांधत.
तिच्यावर कुणी दोर लावत नाही.

मोजतो. सदतीस. अडतीस. हे पिल्लू की दगड?
फुलमार चिडला की तेल ओकतो.
वरून वास येत नाही, हा एक फायदा.

मग काठाजवळच्या खडकाला गुंडाळलेल्या पट्ट्या दिसल्या,
खाली उतरताना दोर ओवायच्या.
एक निळी. एक काळी.
एक लाल, मिठाने विटून जवळजवळ गुलाबी.

सकाळी सँडविच बांधताना इशबेल पाठमोरीच म्हणाली होती,
वर लाल पट्टी आहे का बघशील?
अलिस्टरची. शहाऐंशी सालची.

संध्याकाळी किनलॉखबर्वीत, तिच्या स्वयंपाकघरात,
बाहेर मासे उतरवणारी क्रेन कुरकुरत असताना
तिने चष्मा पुसून टॅबलेट जवळ घेतला.
एवढंसंच? म्हणाली.
एवढ्याशासाठी हा माणूस
माझ्या बहिणीच्या लग्नाला उशिरा आला? ओल्या मोज्यांनी?

म्हटलं, वरून तसंच दिसतं. सावली बघा.
तिने सावली पाहिली.
बराच वेळ पाहिली, मग बोटाने
टोकापासून बुडापर्यंत उतरत आली.

नायलॉन इतकी वर्षं टिकत नाही,
नंतर कितीजण गेले, कितींनी काय बांधलं,
हे सगळं मी सांगणार होतो.
तोंडात घास होता. तो सावकाश चावला.

तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं,
इतकं, की लाल पट्टीचे नुसते चौकोन झाले.
त्यातल्या एकाला ती म्हणाली,
गाठ नीट मारलीय.

रात्री अहवाल भरायला बसलो. अकरा वाजले तरी उजेड.
घरटी: एकेचाळीस.
पुढचा रकाना: मानवी वावराच्या खुणा.
तिथे तीन लिहायला हवं होतं.
भिंतीपलीकडे ती कपाटं उघडत होती, बंद करत होती.
मी तो रकाना सकाळवर टाकला.